डालग्याखालची चिप

तो कागद माझ्यासमोर तीनदा आला. त्यावर एकच वाक्य टाइप केलेलं होतं: ‘सदर चिपची चाचणी पूर्ण झाली असून ती उपग्रहात वापरण्यास योग्य आहे.’ खाली सहीसाठी रेघ आणि रेघेखाली माझं नाव. नाव बिनचूक होतं याचंच मला नवल वाटलं, कारण कॉलेजच्या हजेरीपटावर ते इतक्या वर्षांत एकदाही बिनचूक लिहिलं गेलं नव्हतं. सही हवी असली की माणसांना आपलं नाव नीट लिहिता येतं. मी तिन्ही वेळा सही केली नाही. त्याची किंमत काय पडेल ते मला पहिल्या वेळेपासूनच माहीत होतं.

मी तेव्हा चंद्रपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. नेमणूक अकरा महिन्यांची. मे महिन्यात घरी बसायचं आणि जूनमध्ये विभागप्रमुखांच्या दारात उभं राहून विचारायचं, "सर, यंदा आहे का?" माझ्या वडिलांचं, म्हणजे अब्बांचं, बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. अक्षरओळख व्हायच्या आधी मला सोल्डरिंगच्या धुराची ओळख झाली. अब्बा सातवीपर्यंत शिकलेले, पण त्यांचा एक नियम मला पुढे कुठल्याही पुस्तकात सापडला नाही. एखादं गिऱ्हाईक तोच रेडिओ परत परत घेऊन आलं, दुकानात तो खणखणीत वाजला आणि घरी जाऊन मुका झाला, तर अब्बा त्याचा स्क्रूही काढत नसत. मला म्हणायचे, "सेट मत खोल. पहले उसका घर देख के आ." मी सायकल काढून त्या घरी जायचे, तर रेडिओ चुलीवरच्या फळीवर धूर खात बसलेला असायचा, नाहीतर शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या लायनीवर जोडलेला असायचा.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. दूरच्या एका मोठ्या शहरातल्या मोठ्या कॉलेजने छोटा उपग्रह बनवायला घेतला. मांडीवर मावेल एवढी पेटी. त्यातली कामं निरनिराळ्या कॉलेजांना वाटली आणि ‘मागास भागालाही संधी’ म्हणून एक काम आमच्या वाट्याला आलं. हे शब्द पत्रातच होते. मी ते वाचून अशी भडकले की विभागप्रमुखांनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. काम मात्र मी घेतलं. संधी कोणी कोणाला दिली ते नंतर बघू, असं मनात म्हटलं.

काम एका चिपचं होतं. नखाएवढी चिप. साध्या चिपने काय करायचं ते कारखान्यातच ठरून येतं. हिच्या पोटात मात्र हजारो बारीक फाटकं असतात, आणि कोणतं उघडायचं, कोणतं लावायचं ते आपण लिहून भरायचं. आज घड्याळ बनवा, उद्या पुसून मोजणीयंत्र बनवा. शिवाय ती वीज खाते अगदी थोडी. उपग्रहाला विजेची कायमची चणचण, म्हणून ती निवडली होती. आम्ही फक्त तिला छळायचं आणि ती कुठे दगा देते ते लिहून ठेवायचं. वर गेल्यावर पेचकस घेऊन तिच्यामागे कोणी जाणार नसतं.

मोठ्या कॉलेजात तापवायचं-गारठवायचं कपाट होतं. आमच्याकडे अब्बांच्या दोस्ताची बेकरी होती आणि मासळीला बर्फ पुरवणारा कारखाना होता. नानकटाईच्या डब्यात बोर्ड बंद करायचा, भट्टी निवत आली की आत सरकवायचा, मग रिक्षात घालून बर्फाच्या लादीवर. थर्मामीटर मात्र पक्का होता, त्यात मी तडजोड केली नाही. चिपने सगळं सोसलं. प्रयोगशाळेत बटण बंद-चालू करून तिची वीज तोडली, जोडली, पुन्हा तोडली. दर वेळी ती उठायची आणि बोर्डावरचा लाल दिवा लुकलुकवायची. मला ती आवडायला लागली होती. हट्टी, काटक, कमी खाणारी. आमच्या भागातलीच वाटायची.

शेवटची चाचणी उघड्यावरची. महिनाभर फक्त सोलर प्लेटवर चालवायची, बॅटरी लावायची नाही, कारण वर बॅटरी आधी मरते असं धरून चालायचं. संध्याकाळी ऊन गेलं की बोर्ड बंद पडणार आणि सकाळी ऊन आलं की त्याने आपलं आपण उठून दिवा लुकलुकवायचा. चंद्रपुरात गच्चीवर ठेवावा तर दोन दिवसांत प्लेटवर कोळशाच्या धुळीचा थर, आणि धूळ पुसली तर माकडं. आमच्या प्रयोगशाळेत एक अटेंडंट होते, पन्नाशीचे, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. कुरखेड्याकडच्या एका तलावाच्या गावचे. ते म्हणाले, "मॅडम, आमच्या गावी ठेवा ना. माही माय हाये तिथी. कोंबड्या पायते, तसं हेबी पाहीन."

त्या वाक्यात पुढचं सगळं होतं, पण माझ्या लक्षात आलं नाही.

भाऊंच्या आईला सगळं गाव बाई म्हणायचं, मीही तेच म्हणू लागले. सत्तरी ओलांडलेली, मासे धरणाऱ्या ढिवर समाजातली, अंगाने वाळकी आणि जिभेने तिखट. घर तलावाच्या पारीला, म्हणजे बांधाला, लागून. अंगणात मी लाकडी पाट ठेवला, त्यावर बोर्ड आणि प्लेट बसवली, वर काचेचं झाकण. बाईला सांगितलं, हे उन्हात ठेवायचं, सावली पडू द्यायची नाही, आणि रोज सकाळी दिवा लुकलुकला की नाही ते या वहीत लिहायचं. वही तिने दोन्ही हातांनी घेतली आणि आत नेऊन पेटीत ठेवली. लिहिता येतं का, हे विचारायचं मला सुचलंच नाही. शिकलेल्या माणसाच्या डोक्यात असे खड्डे असतात.

महिन्याने मी एसटीने गेले. धान कापून झाला होता, तलावावर धुकं बसायला लागलं होतं. वही मागितली तर बाईने पेटीतून कोरी करकरीत वही काढून दिली. माझा चेहरा बघून ती म्हणाली, "तिथी काय पाहून राह्यली? इथी पाय." तिने ओट्याची भिंत दाखवली. भिंतीवर हातभर लांब ओल्या मातीचा पट्टा ओढून तिने त्यात रोज एक चिंचोका दाबला होता. दिवा लुकलुकला तर सालासकट काळा चिंचोका. नाही लुकलुकला तर भाजून सोललेला पांढरा. एकामागे एक, सरळ ओळीत, एकही दिवस न चुकता. माझ्या विद्यार्थ्यांची जर्नलं मी पाहिली आहेत, त्यांत इतका नेटकेपणा कधी दिसला नाही.

मी मोजायला लागले. सहा काळे, एक पांढरा. सहा काळे, एक पांढरा. पुन्हा तसंच. चिप दर आठवड्याला एकदा दगा देत होती, तेही ठरवून. "बाई, हा पांढरा कोणत्या दिवसाचा?"

"बाजाराचा," बाई म्हणाली.

उपग्रहाची चिप बाजाराच्या दिवशी बंद पडते, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होते? तेवढ्यात माझं लक्ष अंगणातल्या पाटाकडे गेलं. बाजूला मोठं डालगं पडलं होतं, आपण कोंबड्या झाकतो ते बांबूचं, आणि त्यावर गोणपाट. डालगं पाटावर नेमकं बसेल एवढं होतं, आणि पाटाभोवतीच्या शेणाच्या सारवणात त्याच्या कडेचा गोल वळ उमटला होता.

"बाई, हे डालगं याच्यावर कोणी ठेवलं?"

"म्याच ठेवलं. रोजच्या रोज."

"काऊन?" माझ्या तोंडूनही तिकडचाच शब्द निघाला.

"काऊन म्हनजे? रातच्याले दहिवर पडते, मांजर येते, उंदीर येते. इवलासा तं जीव हाये त्याचा. कोंबड्या डालल्या का यालेबी डालून टाकलं. सकाळी कोंबड्या सोडल्या, चांगलं ऊन आलं, का यालेबी उघडलं."

मी ओरडले. आज सांगायला लाज वाटते, पण ओरडले. महिनाभराची चाचणी पाण्यात गेली, आता मी काय लिहू, असं बरंच काही बोलले. बाईने सगळं ऐकून घेतलं आणि मग कमरेवर हात ठेवले. "वरडून काऊन राह्यली? तूनं सांगतलं दिवसा उन्हात ठेव. ठेवलं. रातच्याले झाकू नोको, असं कुठी सांगतलं?"

हे खरं होतं. मी खालच्या आवाजात विचारलं, "मग बाजाराच्या दिवशी काय करता?"

"बाजाराच्या दिवशी अंधारातच जा लागते मासोळीपाशी. मंग जाताजाताच डालगं काहाडून ठेवतो. नाई तं तुह्या डब्याले ऊन कोन दाखवन?"

मी ओट्यावर बसले. अब्बा कानाशी बोलल्यासारखे वाटले: सेट उघडू नको, त्याचं घर बघ. सहा दिवस बाई चांगलं ऊन आल्यावर डालगं उचलायची, म्हणजे चिपला वीज एकदम मिळायची, बटण दाबल्यासारखी. ती झटकन उठायची. बाजाराच्या दिवशी मात्र ती अंधारापासून उघडी असायची. तलावावर धुकं, पलीकडे जंगल, त्यातून ऊन कणाकणाने वर यायचं आणि वीजही तशीच कणाकणाने चढायची. तेव्हा चिपची काही फाटकं आधी जागी होत असणार, काही मागाहून, आणि मध्येच सगळं अडकून बसत असणार. अर्धी झोप, अर्धी जाग. मग डोक्यावर टळटळीत ऊन आलं तरी ती पुन्हा अंधार पडेपर्यंत तशीच.

आणि वर उपग्रहात काय होणार? ती पेटी गडगडत फिरणार. प्लेटवर ऊन तिरकं तिरकं होत हळूच चढणार. तिथे डालगं उचलायला बाई नसणार.

आपल्याकडे म्हणतात, कोंबडं झाकून ठेवलं तरी उजाडायचं राहत नाही. आमची चिप उलटी निघाली. तिला झाकलं नाही तर उजाडलं तरी तिचं उजाडत नव्हतं.

मी आठ दिवसांची रजा टाकली आणि बाईच्या घरी राहिले. एक दिवस झाकून, एक दिवस उघडी. बाई आता जाळ्यावर जायच्या आधी मला उठवायची आणि चिंचोके माझ्या हातात द्यायची. उघड्या ठेवलेल्या चार सकाळींपैकी तीनदा चिप अडकली. चौथ्यांदा धुकं नव्हतं, ऊन लवकर चढलं आणि ती उठली. तेही मी लिहिलं, कारण भिंतीवर काळा चिंचोका दाबला गेला होता आणि बाईच्या देखत खोटं लिहिणं मला जमलं नसतं. परत येताना रिपोर्ट पूर्ण होता. दोष काय, कधी येतो, आणि उपाय काय. उपाय साधा होता: एक छोटा तीन पायांचा भाग बसवायचा. वीज पुरेशी होईपर्यंत तो चिपला दाबून धरतो आणि मग सोडतो.

विभागप्रमुखांनी रिपोर्ट वाचला. "मॅडम, डालगं हा शब्द रिपोर्टात कसा चालेल?"

"त्याला दुसरं काय म्हणायचं?"

"अहो, विषय तो नाही." त्यांनी खणातून तो कागद काढला. पहिल्यांदा आला तो असा. "सहभागी कॉलेजांची यादी लागतेय. आपल्या कॉलेजचं नाव पहिल्यांदा अशा ठिकाणी लागतंय. एक सही करा. जूनचं मी बघतो." त्यांचं ‘बघतो’ मला समजलं. जूनमध्ये मी दारात उभी राहीन तेव्हा ते आठवण ठेवतील, एवढं त्यात आलं. ते वाईट नव्हते, भित्रे होते. मला त्या दिवशी दोन्हींत फारसा फरक दिसला नाही. मी म्हटलं, आधी हे त्या मोठ्या कॉलेजच्या समितीला दाखवू द्या.

समितीपुढे जाताना मी बोर्ड नेला, भिंतीचा फोटो नेला आणि बाईचं डालगंही नेलं. बाईने ते देताना दोनदा बजावलं, "वापस आनजो. दुसरं नाई माह्यापाशी." रेल्वेत ते मांडीवर धरून बसले. शेजारच्या प्रवासिणीने विचारलं, कोंबड्या कुठायत? मी म्हटलं, पुढच्या स्टेशनला चढतील.

समितीची खोली गार, गुळगुळीत टेबलाची. सहा माणसं. मी भिंतीचा फोटो पुढे केला आणि एकजण म्हणाला, "हे रेकॉर्ड आहे?" दुसऱ्याने डालग्याकडे पाहून ओठ चावला. अध्यक्ष सभ्य होते, निदान तसे दिसायचे. त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडे हीच चिप हजारो वेळा बंद-चालू झालीय आणि एकदाही अडकलेली नाही. "तुमच्याकडची परिस्थिती जरा... नाचता येईना अंगण वाकडं, असं तर नाही ना?"

"सर, हिला जिथे नाचायचंय तिथे अंगणच नाही," मी म्हटलं. कोणी हसलं नाही.

मी त्यांच्याच सप्लायवर बोर्ड जोडला आणि बटण न दाबता वीज वाढवायची मूठ हळूहळू फिरवली. दिवा लुकलुकला. पुन्हा फिरवली, आणखी हळू. लुकलुकला. तिसऱ्यांदाही. आता मात्र हसू उघड झालं. माझे कान तापले. वाटलं, पट्ठी इथे येऊन फितूर झाली. मग पाहिलं तर त्यांचा सप्लाय भलताच दणकट होता, मूठ बोटभर फिरली की तो उडीच मारायचा. ते बाजाराच्या दिवसाचं धुकं नव्हतं, ते उचललेलं डालगंच होतं. पुन्हा अब्बांचंच खरं. मी चिपला तिच्या घरात ठेवलेलीच नव्हती.

खिडकीला जाड पडदे होते आणि पश्चिमेचं ऊन त्यांवर पडलं होतं. मी कोणाची परवानगी विचारली नाही. बोर्ड त्यांच्या सप्लायवरून सोडवला, सोलर प्लेटला जोडला, प्लेट खिडकीपाशी ठेवली, दिवे बंद केले आणि पडदा इतक्या हळू ओढला की माझा हात दुखायला लागला. पूर्ण ऊन प्लेटवर आलं. दिवा लागला नाही. आम्ही सगळे त्या बोर्डाकडे बघत उभे होतो आणि तो बोर्ड ढिम्म पडून होता. मग मी पडदा लावला, प्लेटवर डालगं उपडं घातलं, त्यावर माझा दुपट्टा टाकला, पडदा सताड उघडला आणि डालगं उचललं. लाल दिवा लुकलुकायला लागला. हे मी तीनदा केलं. तिसऱ्या वेळी पडदा ओढायला ओठ चावणारा तो माणूसच पुढे आला होता.

मग चहा आला. चहा संपल्यावर अध्यक्ष म्हणाले, "रोचक आहे. पुढच्या टप्प्यात याचा जरूर विचार करू. या टप्प्याचा कागद मात्र आज जायला हवा." आणि तोच कागद दुसऱ्यांदा माझ्यापुढे आला.

"सर, आत्ताच तुम्ही पाहिलंत."

"ती तांत्रिक बाब झाली. ही प्रक्रिया आहे."

मी पेन घेतलं. ‘योग्य आहे’ यातला ‘आहे’ खोडला, वर ‘नाही’ लिहिलं आणि समासात लिहिलं: हळू उजाडलं तर उठत नाही. अध्यक्षांनी कागद माझ्या हाताखालून ओढून घेतला. म्हणाले, असं लिहिता येत नाही. मी म्हटलं, मग त्या रेघेखाली माझं नावही लिहिता येणार नाही. निघताना डालगं उचलायला गेले तर कोणीतरी म्हणालं, प्रात्यक्षिकाचं साहित्य नोंदीसाठी इथेच राहील. मला भांडायला हवं होतं. त्या दिवसाचं माझं भांडण तेवढ्यात संपून गेलं होतं. डालगं तिथेच राहिलं.

मे महिन्यात विभागप्रमुख स्वतः स्कूटरवरून अब्बांच्या दुकानात आले. चंद्रपूरच्या मेमध्ये दुपारी कोणी बाहेर पडतं ते मयतीला, नाहीतर फार मोठ्या कामाला. तिसऱ्यांदा आलेल्या कागदावर दोन शब्द वाढले होते: ‘सामान्य परिस्थितीत’ योग्य. मी विचारलं, "सर, कोणाची सामान्य परिस्थिती? त्यांच्या गार खोलीतली, का बाईच्या अंगणातली?" ते घाम पुसत अब्बांकडे वळले. तुम्ही तरी समजवा, मुलीचं भविष्य आहे. अब्बांनी काउंटरवरचा रेडिओ बाजूला सारला, चष्मा कपाळावर चढवला आणि मला न विचारताच त्यांना सांगितलं, "साहब, जो सेट घर जाके बंद पड़ता है, उस पर मैं दुकान की चिट्ठी नहीं लगाता. ये भी नहीं लगाएगी."

जूनमध्ये नेमणूक आली नाही. माझ्या जागी आणलेल्या माणसाने सही केली की नाही, मला ठाऊक नाही. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. वाटलं, फार वाटलं. शाळा-कॉलेजं सुरू झाली की छत्र्या घेतलेली पोरं दुकानावरून जायची आणि मी मान खाली घालून सोल्डर करत राहायचे. मी अब्बांच्या काउंटरवर बसते हे बघायला लोक मुद्दाम थांबायचे. बाईमाणूस इन्वर्टर उघडतं म्हणजे काय! पहिल्या वर्षी बघत राहिले, दुसऱ्या वर्षी इन्वर्टर घेऊन यायला लागले. पण सही न केल्याचा पस्तावा मला एका दिवसासाठीही झाला नाही. तो झाला असता तर मी कबूल केलं असतं, मला मोठेपणाची हौस नाही.

दोनेक वर्षांनी भाऊ दुकानात आले. कॉलेजात टपालाने आलेली एक रंगीत पुस्तिका त्यांनी पिशवीतून काढली. त्या उपग्रहाची. मधल्या पानावर आतल्या बोर्डाचा मोठा फोटो होता. मी अब्बांचं घड्याळजी लोकांसारखं डोळ्याला लावायचं भिंग लावलं आणि फोटोवर वाकले. आमची चिप होती. तिच्या शेजारी, सोलर प्लेटकडून येणाऱ्या तारेवर, एक बारकासा तीन पायांचा भाग बसलेला होता.

आधी मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं, चिप उठणार म्हणून. मग मी खालचा मजकूर वाचला. ‘समितीच्या दूरदृष्टीमुळे चिपच्या एका संभाव्य दोषाचे वेळीच निवारण झाले.’ शेवटच्या पानावर नावांची यादी होती, दोन रकाने भरून. मी ती वरून खाली आणि खालून वर वाचली. भाऊ विचारत होते, "काय झालं मॅडम?" मी म्हटलं, "भाऊ, उद्या तुमच्या गावी जाऊ. मला बाईला हे दाखवायचंय."

बाई अंगणात कोंबड्या सोडत होती. नवं डालगं केलेलं दिसलं. मला बघताच म्हणाली, "माहं डालगं आनलं काय?"

"नाही बाई. त्यांच्याकडेच आहे."

"कायले पाह्यजे त्यायले?"

मी तिच्याजवळ बसले, पुस्तिका उघडली आणि त्या तीन पायांवर बोट ठेवलं. म्हटलं, बाई, हे बघा. ऊन नीट वर येईपर्यंत हे चिपला उठू देत नाही, दाबून धरतं. ऊन पुरतं आलं की मग सोडतं. आता ती अडकणार नाही.

बाईने पुस्तिका डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. "म्हनजे डालगंच ठेवलं ना त्यायनं?"

"हो."

"आपलंच?"

"हो बाई. आपलंच."

"मंग आपलं नाव कुठी हाये इथी?"

नाही, असं मी सांगितलं. बाईने एका कोंबडीला हाकललं, हात पदराला पुसले आणि ओट्याच्या भिंतीकडे पाहिलं. दर दिवाळीला ती सगळं घर सारवायची. पण तो हातभर पट्टा तिने तसाच सोडला होता. काही चिंचोके गळून पडले होते, त्यांच्या जागी नुसते खड्डे होते, तरी सहा काळे आणि एक पांढरा ही ओळ अजून वाचता येत होती.

"म्या लिहिलं ना, जसं झालं तसं," ती म्हणाली. "आता तू लिही. तुले तं लिहिता येते."